‘शेवटी गाडीत सगळं एकच होते नं जी!’

सुका कचरा वेगळा ठेवा असं सांगायला कुणाच्याही दारात जा, नागपुरात पहिलं उत्तर हेच मिळतं. मानेवाडा-बेसा रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचा लेआउट, म्हणजे वसाहत, आहे. तीन फ्लॅट स्कीम (इमारती) आणि प्लॉटवरची घरं धरून साठेक कुटुंबं. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांनी मला हे वाक्य ऐकवलं. कुणी चिडून, कुणी हताश होऊन, तर कुणी माझीच काळजी वाटून, की ही बाई उगाच कशाला दमून राहिली. आणि ते खोटं नव्हतं. घरात दोन डबे ठेवणाऱ्या बायकांनी दारात उभं राहून डोळ्यांनी पाहिलं होतं, की हिरव्या डब्यातलं आणि निळ्या डब्यातलं कचऱ्याच्या गाडीच्या एकाच कप्प्यात पडतंय. असं एकदा पाहिलं की माणूस दुसरा डबा माळ्यावर टाकून देतो. त्यात मला त्याचा काही दोष वाटत नाही.

म्हणून हे काम मी लोकांपासून सुरू केलं नाही. वेगळा ठेवलेला माल कोण नेणार, कुठे नेणार आणि पुढे त्याचं काय होणार, हे आधी पक्कं केलं. दारावरची बेल त्यानंतर वाजवली. आता आमच्याकडे महिन्यातून दोन रविवारी सुका कचरा जमा होतो, बहुतेक घरं देतात, आणि आजूबाजूच्या लेआउटमधून लोक विचारायला येतात. त्यांना सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

मला यात पडावंसं का वाटलं, ते आधी. माझी नणंद वाठोड्याकडे राहते. उन्हाळ्यात भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डात आग लागली की तिच्या घराची परीक्षा सुरू होते. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला. कूलर बाहेरची हवा आत ओढणार, आणि बाहेर धूर. कूलर चालू ठेवावा तर धूर घरात येतो, बंद ठेवावा तर म्हाताऱ्या सासूचा जीव कासावीस होतो. ढिगाच्या पोटात ओला कचरा हवेविना सडतो, त्यातून मिथेन निघतो, वरून प्लास्टिक आणि कागद. एकदा पेटलं की आतल्या आत धुमसत राहतं, पाणी मारूनही लवकर विझत नाही. माझ्या स्वयंपाकघरातून सकाळी निघालेली पिशवी तिच्या खिडकीशी जाऊन जळते, हे कळल्यावर ती पिशवी पूर्वीसारखी गाठ मारून बाहेर ठेवणं मला जमेना.

पुढे २२-२३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र आली. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोकांच्या घरात पाणी शिरलं. त्या पुराची कारणं बरीच होती, सगळं खापर पिशव्यांवर फोडणं बरोबर नाही. पण आमच्या गल्लीतली नाली कशानं तुंबली होती ते आम्ही हातानं उपसून पाहिलं आहे. चिप्सची पाकिटं, खर्‍याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) पन्न्या, दुधाच्या पिशव्या. खर्‍याच्या पन्न्या तर इतक्या, की त्यांचा चिखलासारखा लगदा झाला होता.

कायद्याचं म्हणाल, तर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगवेगळा करून देणं प्रत्येक घराला बंधनकारक केलंच होतं. त्याच नियमांमध्ये कचरा वेचणाऱ्यांना या व्यवस्थेत सामावून घ्या, असंही लिहिलं होतं. हा दुसरा भाग फारसा कुणी वाचला नाही. आमचं काम मात्र त्याच्याच जोरावर उभं राहिलं.

आमच्या लेआउटच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतो, त्यामुळे जो तो येता-जाता तिथे पिशवी भिरकावायचा. पहाटे एक मावशी पाठीवर चुंगडी (पोतं) घेऊन यायच्या आणि काडीनं तो ढीग चाळायच्या. बरीच वर्षं येत होत्या, पण त्यांच्याशी कुणी बोललेलं नव्हतं. मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, “मावशी, यातलं तुम्ही काय नेता नं काय सोडता?” त्यांनी चुंगडी माझ्यासमोर ओतली. मला जे सगळं सारखंच प्लास्टिक दिसत होतं, त्याचे त्यांनी बघता बघता सहा वाटे केले. म्हणाल्या, “ताई, घरूनच कोरडं भेटलं तर माह्या दोन घंट्याचं काम अर्ध्या घंट्यात होते. हे घाणीतून काढा लागते म्हणून वेळ जाते.”

कुणाकडे जायचं या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. मावशी ज्या कबाड्याला माल देत, त्याच्याकडे मी त्यांच्यासोबत गेले. ज्यांना आपल्या वस्तीत असं काही सुरू करायचं आहे, त्यांनी कबाड्याच्या शेडमध्ये एक सकाळ नुसतं बसावं, असं मी अगदी मनापासून सांगेन. कुठल्याही पत्रकातून जे कळत नाही ते तिथे कळतं.

पत्र्याची शेड, दारात मोठा तोलकाटा, आत पुठ्ठ्याच्या थप्प्या आणि प्लास्टिकचे ढीग. दोन बाया खाली बसून माल निवडत होत्या. एकीनं श्रीखंडाचा डबा उचलला, अंगठ्यानं दाबला, तो कडकन वाजला, एका ढिगात गेला. शाम्पूची बाटली दाबली, ती दबली आणि परत आली, दुसऱ्या ढिगात गेली. शंका आली तर तुकडा पाण्याच्या बादलीत टाकायचा. पाण्याच्या बाटलीचा तुकडा तळाला जातो आणि तिचंच झाकण वर तरंगतं, कारण दोन्ही प्लास्टिक वेगळी. म्हणून झाकणं काढून वेगळी द्यायची. बाटलीचा धागा होतो, झाकणाचं काही दुसरं होतं, आणि दोन्ही एकत्र गेलं तर दोन्हींचा भाव पडतो. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा जो आकडा असतो तो आपण कधी पाहत नाही. त्या बाया आकडा न वाचता नुसत्या आवाजावरून तेच ओळखत होत्या.

कबाडीभाऊंनी काय घेतो, काय नाही घेत, ते सरळ सांगितलं. रद्दी, पुठ्ठा, लोखंड, अॅल्युमिनियम, पत्र्याचे डबे, बाटल्या, कडक डबे, दुधाच्या पिशव्या, हे घेणार. काळं प्लास्टिक घेणार, पण भाव सगळ्यात कमी, कारण काळ्याचं पुन्हा काळंच होतं, त्यात दुसरा रंग बसत नाही. चिप्सची चकाकती पाकिटं नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सुटत नाहीत. थर्माकोल नाही, त्याला वजनच नाही. फुटकी काच नाही. तेलानं माखलेला पिझ्झ्याचा खोका नाही, कारण कागदाच्या लगद्यात तेल चालत नाही. आणि ओलं काहीच नाही. “ओला पुठ्ठा काट्यावर वजनाला भरते ताई, पण पुढचा मालवाला घेत नाही. तो दहा किलोचे आठ किलो धरते. मंग तो तोटा कोणाच्या माथी?”

घरी येताना माझ्या डोक्यात यादी तयार होती, आणि ती लहान होती. ती लहान आहे याचं मला फार बरं वाटलं. सगळं पुनर्वापराला जातं, असं सांगून लोकांना बोलावलं की पहिल्याच वेळी अर्धा माल परत द्यावा लागतो, आणि परत पाठवलेला माणूस पुन्हा येत नाही.

गाडीवरच्या मुलांशीही बोलणं आवश्यक होतं. पगार बेताचा, त्यामुळे कचऱ्यातल्या बाटल्या नि पुठ्ठा ते स्वतः बाजूला काढून विकतात. आम्ही सगळा सुका माल वळता केला असता तर त्यांच्या पोटावर पाय आला असता. मग असं ठरलं, की पंधरा दिवसांचा साठवलेला माल मावशींचा, आणि रोजच्या डब्यात जे सुकं येईल ते त्यांचं. बदल्यात त्यांनी एवढंच करायचं, की ओल्या कचऱ्यात प्लास्टिकची पिशवी बांधून देणाऱ्या घराला तिथल्या तिथे सांगायचं. हे बोलणं आमच्या गेटवर, दोन कप चहात झालं. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

आता राहिली घरं.

दारोदार जायची वेळ साधावी लागते. सकाळी नऊ ते अकरा बायकांना डोकं वर काढायला फुरसत नसते, उन्हाळ्यात दुपारी तर बेल वाजवणं हा गुन्हाच आहे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर, जेवणाच्या आधी, हा बरा वेळ. पण खरं काम दारात झालं नाही, हळदीकुंकवात झालं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकच्याच वस्तू वाटल्या जायच्या. चाळणी, डबा, साबणदाणी, जे स्वस्तात मिळेल ते. त्या वर्षी आम्ही चौघीजणींनी किराणा दुकानातून तांदळाच्या रिकाम्या चुंगड्या गोळा केल्या, धुतल्या, वाळवल्या आणि शिवणकाम करणाऱ्या ताईंकडून त्यांना तोंडाशी नाडी आणि वर अडकवायला बंद लावून घेतला. हे वाण. सुक्या कचऱ्यासाठी घरात जागा कुठे आहे, हा प्रत्येक फ्लॅटमधला प्रश्न होता. बाल्कनीच्या दारामागे खिळ्याला अडकवलेल्या चुंगडीला जागा लागत नाही.

त्या हळदीकुंकवाला मावशींना बोलावलं होतं. त्यांनाही कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण दिलं. भाषण वगैरे नव्हतं. फक्त एकीनं विचारलं, “मावशी, आम्ही काय करावं म्हणजे तुम्हाला सोपं जाईल?” त्यांनी हात पुढे केला. डाव्या तळव्यावर आडवा वण होता, करंगळीपर्यंत गेलेला. “दाढीचं बिलेड होतं. पिशवीत नुसतंच टाकलेलं. हात घातला नं गेला. टाके पडले, पंधरा दिवस काम नाही.” मग थोडं थांबून, हलक्या आवाजात म्हणाल्या, “आन् ते बायाचं असते नं, ते तसंच उघडं टाकतात. माणूसच हाय नं आम्ही बी.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वर लाल पेनानं ठिपका द्यायचा आणि ते वेगळे गाडीत द्यायचे, ही पद्धत पुण्यात नि बंगळुरात चालते, ती आम्ही उचलली. ब्लेड, इन्सुलिनच्या सुया आणि फुटकी काच जाड पुठ्ठ्याच्या डबीत, वरून टेप मारून. आमच्याकडे एक मधुमेही काका आहेत. ते सुया औषधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत भरून, झाकण घट्ट लावून, त्यावर मोठ्या अक्षरात ‘सुया’ लिहून देतात. त्यांनी हे सांगताच सुरू केलं आणि एकदाही चुकवलं नाही.

माझं मत असं झालंय, की लोकांना पर्यावरण लांबचं वाटतं, पण माणूस जवळचा वाटतो. पृथ्वी वाचवा म्हटल्यावर माना डोलावल्या जातात, आणि मावशींचा हात पाहिल्यावर ब्लेड कागदात गुंडाळलं जातं.

शंका अर्थातच पुष्कळ होत्या, आणि बहुतेक रास्त होत्या. मुंग्या-झुरळं होतील, ही पहिली. पाकीट खंगाळून ठेवावं लागतं, त्यावर लगेच दुसरी: “उन्हाळ्यात कूलरलेच पाणी पुरत नाही, पन्न्या कुठून धुवायच्या?” बरोबर होतं. वेगळं पाणी कशाला? तांदूळ किंवा डाळ धुतलेलं पाणी दुधाच्या पिशवीत ओतून हलवायचं आणि कुंडीत टाकायचं, दोन कामं होतात. मग पिशवी दोरीवर चिमट्याला. नागपूरच्या उन्हात ती पोळ्या होईपर्यंत कोरडी होते.

दुधाच्या पिशवीवर मी जरा जास्त बोलते, कारण ती रोज प्रत्येक घरात येते. आपण कात्रीनं कोपरा कापतो आणि तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून केरात जातो. एवढासा तुकडा कुणी वेचत नाही, वेचताच येत नाही. तो नालीतून नदीत जातो. कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचाच नाही, अर्धी चीर द्यायची, म्हणजे तो पिशवीलाच लटकून राहतो. एवढं केलं की पूर्ण पिशवी परत जाते. हे एक बायकांच्या चटकन अंगवळणी पडलं, कारण त्यात कष्ट काहीच नव्हते. एका काकूंनी तर दूध देणाऱ्या भाऊंच्या दुकानातच तसा कागद लावायला लावला.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, बऱ्याच घरांत कचरा मालकीण बाहेर काढतच नाही, कामाला येणाऱ्या ताई काढतात. आम्ही घरमालकांना समजावत होतो आणि डबे तिसरंच कुणी भरत होतं. हे लक्षात आल्यावर लेआउटमध्ये काम करणाऱ्या सगळ्या ताईंना एका दुपारी पार्किंगमध्ये बोलावलं, मावशींनीच त्यांना माल दाखवला. त्यातल्या दोघी मावशींच्याच वस्तीतल्या निघाल्या. त्या दिवसानंतर चुंगड्यांमधला माल एकदम साफ येऊ लागला.

पहिल्या रविवारी, आमच्या स्कीमच्या पार्किंगमध्ये, टेबल मांडून आणि किराणावाल्याकडून तोलकाटा मागून आणून बसलो. थोडीच घरं आली. आणलेल्या मालात ओली रद्दी होती, मुदत संपलेल्या गोळ्या-औषधं होती, लग्नातली उरलेली थर्माकोलची ताटं होती. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली, तरी लोकांच्या माळ्यावर त्यांचा साठा अजून आहे. गोळ्या आणि ताटं परत दिली, का ते समजावून. बाकीचा माल मावशींनी निवडला, कबाड्याकडे नेला, आणि त्यानं जी चिठ्ठी दिली ती मी गेटवरच्या फळ्यावर चिकटवली. काय गेलं, किती किलो गेलं, कुणी नेलं. खाली एक ओळ: पैसे मावशींना.

तेव्हापासून प्रत्येक वेळची चिठ्ठी तिथे लागते. दुधाचं, पेपरचं, शाळेच्या बसचं बघायला जाणारा प्रत्येक माणूस ती वाचतो. ‘गाडीत सगळं एकच होते’ म्हणणाऱ्यांशी मी कधी वाद घातला नाही, त्यांना फळा दाखवला. आम्ही घरटी वजन लिहायचं टाळलं. कुणी किती दिलं याची चढाओढ लागली की लोक जास्त कचरा करतात, नाहीतर लाजून येणंच बंद करतात.

सगळ्यात मोठा विरोध ज्यांचा होता, त्यांच्याकडूनच पुढे मोठी मदत झाली. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक काका आमच्या शेजारच्या स्कीममध्ये राहतात. “हे सगळं फोटोपुरतं असते जी,” असं ते चारचौघांत म्हणायचे. एक दिवस ते स्वतः मावशींच्या मागोमाग स्कूटरवर कबाड्याकडे गेले, तिथून माल पुढे कुठे जातो तेही विचारून आले. परत आल्यावर त्यांनी आमच्या वार्षिक सभेत सांगितलं, की भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि तेच पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हे त्यांनी नोकरीत असताना पाहिलंय. “संडासाचं पाणी कामी येते, तर कोरड्या पुठ्ठ्याचं काऊन नाही येणार?” हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला म्हणून पुरुष मंडळींना पटला. आता तोलकाट्याशी तेच बसतात आणि डब्याच्या बुडाचा आकडा चष्मा वर करून वाचतात.

भाड्यानं राहणाऱ्या मुलांविषयी लेआउटमध्ये फार चांगलं बोललं जात नाही. रात्री उशिरा येतात, गाड्या कशाही लावतात. या पोट्ट्यांना सांगून काही उपयोग नाही, असं मला तिघा-चौघांनी बजावलं होतं. वस्तुस्थिती अशी, की त्यांच्या फ्लॅटमधून सगळ्यात नियमित माल येतो. रोज बाहेरून जेवण मागवतात, त्यामुळे काळे डबे ढिगानं. काळ्याला भाव नाही हे कळल्यावर त्यांनी जवळच्या मेसवाल्या काकूंशी बोलून स्टीलचा डबा लावून घेतला, निदान एका वेळचा. कचरा निवडायची सवय लागली की आपण काय विकत घेतो ते दिसू लागतं. हे मी इतर घरांमध्येही पाहिलं. चुंगडीत तेच ते पाकीट रोज पडताना दिसलं की दुकानात हात आपोआप आखडतो.

पावसाळ्यानं मात्र चांगलीच परीक्षा घेतली. जुलै-ऑगस्टमध्ये माल कोरडा राहीना. त्यातच प्लास्टिकचा भाव पडला आणि कबाडीभाऊंनी हलका माल घेणं थांबवलं. त्यांचंही खरं होतं, पुढचा व्यापारी घेत नव्हता. आमच्या पार्किंगमध्ये चुंगड्यांची थप्पी वाढत गेली, उंदीर झाले, एका वहिनींच्या स्कूटरची वायर कुरतडली. ग्रुपवर कडक संदेश आले, हे बंद करा. पार्किंग ज्यांचं होतं त्यांचा राग समजण्यासारखा होता. आम्ही त्याच आठवड्यात ताडपत्री टाकून माल गच्चीच्या जिन्याखाली हलवला आणि फळ्यावर स्पष्ट लिहिलं: भाव सुधारेपर्यंत फक्त पुठ्ठा, रद्दी, धातू आणि बाटल्या आणा, पन्न्या घरीच साठवा, कोरड्या ठेवा. लोकांनी ऐकलं. जे आहे ते लिहिलं की लोक थांबतात. हलका माल जमा करून सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून पाठवणाऱ्या एका संस्थेशी पुढे गाठ पडली आणि चिप्सच्या पाकिटांचीही काहीतरी सोय झाली. जाळणं म्हणजे पुनर्वापर नव्हे, हे मी सगळ्यांना सांगते. ती पाकिटं मुळात कमी आणणं हाच त्यावरचा खरा उपाय आहे. पण नालीत जाण्यापेक्षा हे बरं.

ओल्या कचऱ्याबद्दल थोडक्यात. जागा असलेल्या काही घरांनी खत करायला घेतलं, बाकीचे गाडीत देतात. संत्र्याच्या दिवसांत आपल्याकडे सालींचा ढीग पडतो, आणि नुसत्या साली टाकल्या तर खताचा डबा आंबट होतो, गांडुळं पळतात. साली बारीक चिरून त्यावर वाळका पालापाचोळा पसरायचा. हा पालापाचोळा रस्त्याकडेला जाळणारे लोक आहेत, त्यांच्याकडून तो मागून आणायचा, म्हणजे तो जळणंही थांबतं.

दिवाळीच्या आवराआवरीत वेगळाच माल बाहेर पडतो. जुने मोबाइल, चार्जर, रिमोट, ट्यूबलाइट, बॅटऱ्या. हे आम्ही मावशींनाही देत नाही आणि कबाड्यालाही नाही. वायरीतलं तांबं काढायला ती उघड्यावर जाळतात आणि तो धूर पुन्हा कुणाच्या तरी अंगणात. ई-कचऱ्याचे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम ही जबाबदारी वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकतात. आम्ही वर्षातून एकदा एक मोठा खोका ठेवतो आणि अधिकृत नोंदणी असलेल्या केंद्राला सगळं एकत्र देऊन पावती घेतो. ती पावतीही फळ्यावर. संक्रांतीनंतर झाडांवर, तारांवर लोंबणारा नायलॉन मांजाही मुलं गोळा करून आणतात. त्याचं पुढे काही होत नाही, पण पाखरांच्या पायात तरी अडकत नाही.

मुलांना एका सुटीत कबाडीभाऊंच्या शेडमध्ये नेलं होतं. डबा दाबून आवाज ओळखायचा खेळ त्यांना इतका आवडला की घरोघरी आया वैतागल्या. पण कोणता डबा कुठे जाणार यावर आता कुणाच्या घरी शंका आली, तर विचारणा मुलांकडे होते.

काही घरं अजूनही देत नाहीत. मी त्यांच्याकडे वर्षातून एकदा जाते, हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला, आणि चुंगडी देऊन येते. मागच्या वर्षी त्यांतल्या एका वहिनींनी ती चुंगडी कांद्याला वापरली. चालेल. तेवढी प्लास्टिकची एक पिशवी कमी.

टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर अजून कचरा पडतो, पण तो बाहेरून येणाऱ्यांचा. मालकाशी पत्रव्यवहार करून तिथे तारेचं कुंपण घालून घेणं, हे काम या वर्षी कोराडीच्या काकांनी अंगावर घेतलंय.

शेजारच्या लेआउटमधल्या तिघी गेल्या महिन्यात आल्या होत्या. त्यांना आमचं पत्रक हवं होतं, आमची यादी हवी होती, ग्रुपवर टाकायला. यादी दिली नाही. त्यांना म्हटलं, आधी रविवारी सकाळी आमच्याकडे या, उन्ह चढायच्या आत, मावशींच्या शेजारी बसून माल निवडा, मग त्यांच्यासोबत शेडमध्ये जा. तुमचा कबाडी वेगळा असेल, त्याची यादी वेगळी असेल, आणि घरोघरी विचारतील तेव्हा उत्तर तुम्हाला द्यायचंय. दोघी आल्या. मावशींनी आपल्या सुनेला सोबत आणलं होतं, पुढच्या महिन्यापासून त्या लेआउटचा माल ती निवडणार आहे. तिच्यासाठी जाड रबरी हातमोजे घ्यायचे आहेत, ते मात्र त्या लेआउटनं आपल्या पैशानं घ्यावेत, असं मी त्यांना जाताना सांगितलं आणि त्यांनी लगेच वर्गणीची वही काढली.